गफूर, ती दारू तू ठासली नव्हतीस

गफूर, तू गेलास आणि तिसऱ्याच दिवशी, तुझ्या जियारतीच्या दुआला, तुझ्याच खोलीत तुझ्याच चटईवर बसून मुसा शेठ म्हणाला, "माणूस दिलाचा चांगला होता. पण त्या बंदुकीनं नाव घालवलं बिचाऱ्याचं. लोक शेवटपर्यंत विसरले नाहीत."

लोक विसरले नाहीत! आणि लोकांना विसरू देत नव्हता तो कोण? हाच मुसा शेठ. आपल्याच खाडीकाठचा, इथं कुवेतला कापडाचं दुकान थाटून बसलेला. गावाहून नवा माणूस बोटीतून उतरला की त्याला दुकानात बसवून चहा पाजायचा आणि तिसऱ्या घोटाला तुझी गोष्ट काढायचा. "तो तिकडे मीना अब्दुल्ला बंदरावरचा सुतार माहीत आहे ना? त्याला बारूद म्हणतात. का, ते ऐक."

मी खजुरांचं ताट फिरवत होतो. ताट त्याच्या डोक्यावर उपडं करावं असं वाटलं. केलं नाही, कारण तू मला तुझ्या अम्मीची शपथ घालून ठेवली होतीस. इतकी वर्षं मी ती पाळली आणि तू होतास तोवर रोज त्यावरून तुझ्याशी भांडलो. आता तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस. "सोड ना उस्मान" असं म्हणून पानाचा डबा पुढे सरकवू शकत नाहीस. तेव्हा आता मी बोलणार, आणि तू ऐकायचं.

आपण एकाच बोटीनं आलो. तू अबू हमदच्या लाकडाच्या वखारीत सुतार म्हणून लागलास, मी बंदरावरच्या गोदामात कारकून. तेव्हा इथं आपलाच रुपया चालायचा आणि गावात निम्मी घरं अजून मातीची होती. अबू हमद माणूस म्हणून वाईट नव्हता, हे मीही कबूल करतो. त्याचे वडील नाखुदा, मोत्यांच्या बोटींचे कप्तान. तरुणपणी वडिलांबरोबर मुंबईला महिनेच्या महिने राहिलेला, त्यामुळे हिंदी फर्डी बोलायचा. त्याच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषमाणसांच्या बैठकीत, वडिलांनी मुंबईहून आणलेली ठासणीची बंदूक भिंतीवर टांगलेली होती. दस्ता चिरलेला, घोडा गंजून जाम. मालक शोभेला ठेवतात तशी ठेवलेली.

तू ती पाहिलीस आणि तुझे डोळे कसे झाले ते मला आठवतं. गावी भातात डुकरं उतरली की तुझ्या काकांची अशीच बंदूक निघायची आणि दारू मापून नळीत घालण्याचं काम तुझंच असायचं. तू अबू हमदला म्हणालास, "ही मेली नाय. झोपलीय." महिनाभर वखारीचं काम संपल्यावर तू तिच्याशी झटत होतास. नवा शिसवी दस्ता घडवलास. घोडा रॉकेलात भिजवून मोकळा केलास. नळी आतून इतकी घासलीस की तिच्यातून पलीकडचा उजेड गोल दिसायला लागला. ज्या दिवशी वखारीमागच्या मोकळ्या जागेत तिचा पहिला बार निघाला, त्या दिवशी अबू हमद लहान मुलासारखा नाचला होता. तुला मिठी मारून म्हणाला, "गफूर, तूने मेरे बाप की आवाज़ वापस लाई."

त्यानंतरचे हिवाळे. हे मी रागात असलो तरी म्हणेन, गफूर, ते हिवाळे तू मला दिलेस. शुक्रवारी सकाळी पिकअपमध्ये तिघं, दक्षिणेकडे, पाऊस पडून गेलेला असला तर वाळवंटावर हिरवी साय धरलेली. ससा मिळायचा, एखाद्या वेळी हुबारा, तो कोंबडीपेक्षा मोठा भुरा पक्षी. मी नुसता चहा करायला आणि तुझ्याशी भांडायला यायचो. तू खाली बसून ठासायचास. मापानं काळी दारू, वर गावाहून आणलेल्या नारळाच्या सोडणाचा बोळा, गजानं दाबून घट्ट, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळ्यात शेवटी घोड्याखाली ठिणगीची टोपी. मग बंदूक अबू हमदच्या हातात द्यायचास. तो उडवायचा. धुम्म! आणि पांढऱ्या धुराचा एवढा लोट, की पक्षी पडला की उडाला ते कळायला वाऱ्याची वाट बघावी लागायची.

यावरूनच आपलं भांडण. मी म्हणायचो, जग कुठे गेलं आणि तू त्या काळ्या राखेला कवटाळून बसलायस. इंग्रजी काडतुसात ती बिनधुराची दारू येते. धूर नाही, घाण नाही, सड्या अंड्यासारखा वास नाही. काळी दारू दमटपणा ओढते, आणि इथं समुद्राच्या हवेत नळी एका रात्रीत गंज धरते. यात मी बरोबर होतो, गफूर! एकदा तू कंटाळा करून बंदूक न धुता ठेवलीस, आणि दुसऱ्या दिवशी नळी तांबूस झाली होती. मग सबंध संध्याकाळ मोरीत उकळतं पाणी ओतत बसलास आणि अख्ख्या इमारतीत असा वास सुटला की वरच्या मजल्यावरचा मल्याळी मास्तर नाकाला रुमाल लावून खाली आला. तू त्याला म्हणालास, "मास्तर, अत्तर आहे हे, शिकारीचं." तो हसला नाही. मी हसून हसून लोळलो.

पण मुद्द्यावर तू हलायचा नाहीस. "उस्मान, ऐक माझं. काळी दारू ढकलते. बिनधुराची फटका मारते. ही नळी ढकलणारीसाठी केलेली आहे. फटका तिला सोसणार नाय."

"निम्मं माप घाल मग."

"निम्मं की पाव, ते कोण ठरवणार? काळी चिमूटभर जास्त पडली तर खांदा दुखतो, बस. ती दुसरी चिमूटभर जास्त पडली तर बंदूक तुला सांगत नाय. फुटते."

"नव्या बंदुकीत लोक वापरतातच ना?"

"नव्या बंदुकीत मीपण वापरीन. नव्या बंदुकीशी माझं भांडण नाय. म्हाताऱ्या बैलाला रेसच्या गाडीला जुंपायचं, हे मला नाय जमत."

मी मानलं नाही, म्हणजे तोंडानं मानलं नाही. तू गेल्यावर मानतो असंही नाही. तेव्हाच आतून पटलं होतं. तुझ्याशी वाद घालायला मजा यायची, म्हणून मी दुसऱ्या बाजूला उभा राहायचो. तुलाही ते ठाऊक होतं.

ज्याला खरंच पटवून द्यायला हवं होतं तो अबू हमद होता. शेवटच्या हिवाळ्यात त्याच्याबरोबर त्याचे पाहुणे यायला लागले. त्यांच्याकडे इंग्रजी दुनळी बंदुका. अबू हमदचा बार निघाला की ते धुरातून खोकत बाहेर यायचे आणि म्हणायचे, "तुझी आगगाडी आली." तो वर वर हसायचा. मग एकदा पिकअपमध्ये तुला म्हणाला, "गफूर, अंग्रेजी दारू डाल. थोड़ी डाल."

"नाही अबू हमद."

"मेरी बंदूक है."

"बंदूक तुमची. हात पण तुमचे. म्हणून 'नाही' म्हणतो."

मला वाटलं विषय संपला. तुलाही तसंच वाटलं.

पुढच्या शुक्रवारी पाहुणे नव्हते, आपण तिघंच. सकाळी एक ससा मिळाला. मग चहासाठी सरपण गोळा करायला तू आणि मी टेकाडापलीकडे गेलो. वाळलेल्या झुडपांच्या काटक्या मोडत होतो, आणि तू मला आमिनाबद्दल सांगत होतास, की पुढच्या वर्षी बायकोला इथं आणायचं, समुद्राजवळ खोली घ्यायची. तेवढ्यात बार झाला.

तू हातातल्या काटक्या टाकल्यास. मला काहीच कळलं नव्हतं. तो आपल्या बंदुकीचा आवाज नव्हता. धुम्म नव्हता तो. कडाड्, जसा पत्रा फाटावा तसा. तू टेकाडाच्या माथ्याकडे बघत म्हणालास, "धूर कुठाय?" आणि धावत सुटलास. खरंच, आवाज आला आणि आकाशात धूर नव्हता.

तो गुडघ्यांवर बसलेला होता. नळी मुळाशी फाटून केळीच्या सालीसारखी उघडली होती. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी राहिली होती, मधलं काही नाही. शेजारी चटईवर सुरीनं कापलेली दोन इंग्रजी काडतुसं आणि तुझं माप. तुझंच पितळी माप, तू काळ्या दारूसाठी भरायचास तसंच काठोकाठ भरलेलं त्यानं ओतलं होतं. पुढच्या खेपेला पाहुण्यांना चकित करायचं म्हणून आधी एकट्यानं करून बघत होता.

तू डोक्याचा रुमाल सोडून त्याचा हात बांधलास. मी गाडी हाणली. अख्खा रस्ता तू त्याचा हात आपल्या छातीशी उंच धरून बसला होतास, तुझा सदरा गच्च भिजला होता, आणि तू त्याच्याशी बोलत होतास, न थांबता, मुंबईबद्दल, भेंडीबाजारातल्या खाण्याबद्दल, त्याची शुद्ध जाऊ नये म्हणून. डॉक्टर नंतर म्हणाले, हात इतका आवळून उंच धरला नसता तर माणूस वाटेतच गेला असता. हे मुसा शेठच्या गोष्टीत कधीच नसतं.

आणि मग इस्पितळाचा व्हरांडा. अबू हमदचा थोरला भाऊ आला, मागोमाग दुसरे. थोरल्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "बंदूक किसने भरी?"

मी तोंड उघडलं. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "मी."

गफूर, अबू हमद शुद्धीत होता. दार उघडं होतं, खाट दारापासून दोन हातांवर होती. त्यानं तुझा शब्द ऐकला. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं डोळे मिटून घेतले.

त्या मिटलेल्या डोळ्यांचा राग माझा आजही गेलेला नाही.

वखारीतून तुला त्याच आठवड्यात काढलं. पोलिसात दिलं नाही, हे उपकार म्हणून सांगितलं गेलं. शहरात कुणी सुतारकाम देईना. "हात उडवणारा" म्हणून तुझं नाव झालं, मग त्याचं "बारूद" झालं. तिकडे मीना अब्दुल्लाला तेलाचा कारखाना उभा राहत होता, तिथं काँक्रीट ओतायच्या साच्यांच्या फळ्या ठोकायला तू गेलास. शिसवीचा दस्ता घडवणारा माणूस, फळ्या ठोकायला. समुद्राजवळची खोली राहिली. आमिना कधी आलीच नाही.

आपण खरं भांडलो ते त्यानंतर. पहिलं भांडण मजेचं होतं, हे नव्हतं. मी शुक्रवारी बसनं तुझ्या बराकीत यायचो आणि ओरडायचो. "का म्हणालास? कुणी सांगितलं होतं तुला?"

"माप मी तिथं ठेवून गेलो होतो, उस्मान. खिशात घालून नेलं असतं तर त्यानं भरलीच नसती."

"म्हणजे चूक तुझी? त्यानं सुरीनं काडतूस कापलं, चूक तुझी? तू नको म्हणालास तरी त्यानं केलं, चूक तुझी?"

"त्याचा हात गेला रे. त्यात त्याला घरात, दिवाणियात, सगळ्यांसमोर मूर्ख पण करू? नाखुदाच्या पोरानं बापाची बंदूक आपल्या हातानं फोडली, हे घेऊन तो कसा बसला असता त्या बैठकीत? माझं काय, मी सुतार. मला नाव पडलं तर पडलं."

तुझं हे "माझं काय" मला सगळ्यात जास्त छळायचं. तुझं काय म्हणजे? आमिनाचं काय? तुझ्या इज्जतीला तू रस्त्यावरची वस्तू समजलास, कुणीही उचलावी. आणि मला विचारलं होतंस? एकट्यानं ठरवलंस, वर मला शपथ घालून त्यात अडकवलंस.

रजेवर गावी गेलो तेव्हाचं तर मी बोलूच नये, पण बोलतो. डुकरं उतरली होती. काकांची बंदूक निघाली. तू सवयीनं दारूच्या शिंगाकडे हात केलास, आणि काकांनी, ज्यांनी तुला ठासायला शिकवलं त्या काकांनी, शिंग तुझ्या हाताखालून काढून घेतलं. शेजारच्या पोराला दिलं. कुवेतची गोष्ट तुझ्याआधी गावात पोचली होती. तू हसून बाजूला झालास आणि कंदील धरलास. मी तेव्हा शपथ मोडायला निघालो होतो. तू अंधारात माझं मनगट इतकं जोरात दाबलंस की दुसऱ्या दिवशी वळ होते.

मला टायफॉइड झाला तेव्हा तू मीना अब्दुल्लाहून रोज यायचास. पाळी संपवून, दोन गाड्या बदलून, पेज करायचास, माझे कपडे धुवायचास. मी तापात बडबडायचो, म्हणे बंदुकीचंच बडबडायचो. बरा झाल्यावर तू म्हणालास, "तापात पण तू इंग्रजी दारूचीच बाजू घेत होतास, बेशरम." तुझ्यावर फार वेळ रागावून राहणं मला कधी जमलं नाही. आणि तू असा, छातीत कळ आली म्हणून दुपारी कामावरून परतलास, आणि संध्याकाळी मला निरोप पोचेपर्यंत संपलासही.

तर जियारत. मुसा शेठचं बोलणं चाललंच होतं, आणि दारात अबू हमद उभा राहिला. पांढरी दाढी, डाव्या हातावर कातडी मोजा. सगळे उठले. मुसा शेठनं आपली गादी त्याला दिली. तो बसला, दुआ केली. मग मुसा शेठनं हात जोडल्यासारखे करून हिंदीत म्हटलं, "आपका दिल बड़ा है. उसने आपके साथ जो किया, फिर भी आप आए." खोलीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या.

मी अबू हमदकडे पाहत राहिलो. म्हटलं, आता तरी बोल. तो मोज्याकडे बघत होता. पंख्याखाली एवढी माणसं, आणि पुन्हा तोच व्हरांडा, पुन्हा तेच मिटायला आलेले डोळे.

ताट खाली ठेवलं आणि मी म्हणालो, "ती दारू गफूरनं ठासली नव्हती."

"उस्मान, आज नको," मुसा शेठ म्हणाला.

"आजच. गफूर माझ्याबरोबर काटक्या मोडत होता. यांनी स्वतः काडतूस कापलं, स्वतः भरलं. गफूरनं आठवड्याआधी तोंडावर नाही म्हटलं होतं. विचारा त्यांना."

कुणी विचारलं नाही. कुणाची हिंमत नव्हती. अबू हमदच म्हणाला, "सच है." एवढंच. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "वो मेरे बारे में क्या बोलता था?"

मला वाटलं, खोटं सांगावं. सांगावं, तो तुम्हाला शिव्या घालायचा. पण तू कधी घातल्याच नाहीस, कर्मदरिद्री माणसा. मी खरं ते सांगितलं. "हिवाळा आला की म्हणायचा, अबू हमदचा हात दुखत असेल."

तो तिथंच, सगळ्यांसमोर, मोजा घातलेला हात तोंडावर धरून रडला. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला एवढंच वाटलं, की हे दोन शब्द जिवंत माणसाला किती उपयोगी पडले असते.

दुसऱ्या दिवशी तो त्याच्या थोरल्या भावाला घेऊन माझ्या गोदामात आला. घरी सांगितलं होतं त्यानं, सगळ्यांना. थोरला भाऊ, ज्यानं तुला वखारीतून काढलं, तो माझ्या टेबलासमोर उभा होता आणि नजर वर करत नव्हता. कबर कुठे आहे, एवढंच विचारलं. मी म्हणालो, "शोधा." ते निघाले. दारापर्यंत गेले. मग मीच चप्पल पायात सरकवली, कारण तुझ्या डोक्याशी नाव नाही, नुसता एक दगड आहे, आणि तशा दगडांच्या रांगांत तुझा कुठला ते मला एकट्यालाच ओळखता येतं.

येत्या बोटीनं मी गावी जाणार आहे. आमिनाला सांगेन, आणि काकांनाही, चारचौघांत. तुझी शपथ मोडली ती मोडली. त्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही.

कबरस्तानच्या वाळूत ऊन होतं. अबू हमद तुझ्यापाशी खाली बसला, फातिहा वाचली, मोठ्यानं तुझ्यासाठी मगफिरत, अल्लाची माफी मागितली, मग स्वतःसाठी मागितली. तुझ्यासाठी मी आमीन म्हणालो. त्याच्यासाठी नाही म्हणालो, गफूर. अजून नाही.